मामा वाट चुकतो

भूत काही केल्या येत नव्हतं, आणि आमच्या खळ्यातल्या बायकांचा धीर सुटत चालला होता.

पुस्तकाचं नाव होतं 'काळ्या खाडीचा पहारेकरी'. खाली बारीक अक्षरांत 'कुमारांसाठी थरारक भयकादंबरी'. नारूमामा मुंबईला भाऊच्या धक्क्यावर मासळी घेऊन गेला होता, तिथून येताना त्यानं ते फुटपाथवर उचललं. मामाला अक्षर येत नव्हतं. वरच्या चित्रात एक होडी होती आणि चित्रकारानं तिचं शीड वाऱ्याच्या उलट्या अंगाला फुगवलं होतं. ते बघून मामाला इतकं हसू आलं की त्यानं पुस्तकच विकत घेतलं. "घे चंद्रे, तुला," म्हणाला, "हा बाबा आपल्या डहाणूच्या बंदरातून बाहेर पडला असता तर मागच्या मागं घरात शिरला असता."

माझं नाव चंद्रावती. मी तेव्हा सातवीत होते. सकाळी शाळा, दुपारी आईबरोबर खळ्यावर, मासळी सुकवायला. बाप मी लहान असताना गेला. आईचा धाकटा भाऊ, नारूमामा, बहिणीला आधार म्हणून झाईहून, आईच्या माहेराहून, चार दिवसांसाठी आला आणि मग कायमचा आमच्याकडेच राहिला. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "ह्या दोघींचं ओरडणं ऐकतो तेवढं बस हाय." घरात पुरुषमाणूस म्हणायचा तो एवढाच, आणि मला शाळेतून काढायचा विषय निघाला की दारात आडवा बसणाराही तोच.

गुजरात वेगळा झाला त्या वर्षीचा हिवाळा. बोंबील भरपूर लागला होता. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, हे काम हात आपोआप करतात, तोंड आणि कान रिकामे. म्हणून बायका म्हणाल्या, "शाळेत जातेस ना, वाच की काहीतरी." मी पुस्तक काढलं.

पुतळी आजी खळ्यातली सगळ्यांत म्हातारी. ती लगेच म्हणाली, "दिवसा गोष्ट सांगू नये. मामा वाट चुकतो."

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दिवसाची गोष्ट सांगितली की सांगणारीचा मामा वाट चुकतो. म्हणून गोष्टी रात्रीच्या. पण रात्री दिव्याला रॉकेल कोण जाळणार? मग बायकांनीच तोड काढली. ही काय कुणी सांगितलेली गोष्ट नाही, छापलेली आहे. चंद्री सांगत नाही, वाचते. वाचणं म्हणजे सांगणं नव्हे. वकिलालाही सुचलं नसतं असं. आईसुद्धा हसली आणि म्हणाली, "वाच गो."

पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच, न कापलेली होती. घोळ मासा कापायच्या सुरीनं मी ती जशी लागतील तशी कापत जायची. लेखक पुण्याकडचा असावा, कारण त्याच्या समुद्राला वास नव्हता. आमच्या सुरीमुळे तेवढा तो आला. गोष्ट अशी: दिनू नावाचा मुलगा सुट्टीत मामाकडे जातो. मामा एका खाडीच्या तोंडावर दीपगृहाचा पहारेकरी. पण हा दिनू निघेलच तर शपथ! ट्रंक भरण्याची पानंच्या पानं. मग आगगाडी. मग पुरीभाजी. मग दीपगृहातलं टेबल, त्या टेबलाचे पाय, त्या पायांवरची नक्षी. मी वाचताना दात खायची.

"भूत आलं काय गो?" रोज कुणीतरी विचारायचं.

"नाय. दिनू दूध पितोय."

आणि एकदा, काही पूर्वसूचना न देता, दुधाचा पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच जिन्यावर ओली पावलं उमटली. खालून वर आलेली. परत गेलेली नाहीत. त्याच पानावर स्वयंपाकी नाहीसा झाला, पुढच्या परिच्छेदात कुत्रा, आणि पान उलटेपर्यंत लेखक पुन्हा चहा करायला बसला. बायका किंचाळल्या, हसल्या आणि मग चिडल्या. पुतळी आजी म्हणाली, "ह्याच्या हातात होडी दिली तर दिवसभर काठाशी घोळवील आणि सांजच्याला खडकावर घालील." तरी दुसऱ्या दिवशी माझ्या आधी सगळ्या हजर. मी वाक्य संपवलं की सगळ्या "हूं" म्हणायच्या. गोष्ट ऐकताना हूं द्यायचाच असतो, नाहीतर सांगणारा भिंतीशी बोलतो की काय असं वाटतं. तोंडाला सवयच होती, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशी मामा पहाटे एकटाच छोटी होडी घेऊन गळ टाकायला गेला होता. दुपारी मी वाचत होते ते पान असं: धुकं पडलं आहे, समुद्रात कुणीतरी हाका मारतं आहे, आणि दिनूचा मामा कंदील घेऊन होडीत बसतो. 'दिनू खिडकीतून पाहत राहिला. कंदील लहान होत गेला आणि मग दिसेनासा झाला.'

कुणी हूं म्हणालं नाही. मी वर बघितलं. आईच्या हातात बोंबलांची जोडी तशीच होती.

"मामा?" ती म्हणाली. "पुस्तकातला त्याचा मामा?"

"हो."

"पुरे आज."

दुपारनंतर मतलई वारा सुटला, जमिनीवरून समुद्राकडे लोटणारा. इतका जोरात की खळ्यातली वाळू तोंडात. संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या आल्या, एकीमागे एक, शिडं गुंडाळून, वल्ही मारत. मामाची आली नाही. आई बंदरावर उभी होती, मी तिच्या बाजूला. काळोख झाला तरी ती हलेना. मी तिचा हात धरला तर तो बर्फासारखा गार होता आणि मला खूप भीती वाटली. दिनूच्या जिन्यावरची पावलं कुठल्या कुठं गेली. ती भीती मजेची होती. ही पुस्तक मिटून जाणारी नव्हती.

सकाळी भीमाकाका, आमच्या शेजारचा, चार होड्या घेऊन शोधायला उत्तरेकडे गेला, झाई आणि पुढं उंबरगावपर्यंत. मी शाळेत गेले नाही. खळ्यात बायका जमल्या, पण कुणी कामाला हात लावेना.

पुतळी आजी म्हणाली, "मी बोलले होते."

मी तडकले. "आजी, ते वाचणं होतं. तुम्हीच सगळ्या म्हणालात, वाचणं म्हणजे सांगणं नाय!"

"वाचणं व्हतं," आजी म्हणाली. "पण आपण हूं दिला. हूं दिला की ती गोष्टच झाली."

सगळ्यांच्या माना खाली. त्यांची चूक त्यांना सापडली होती आणि ती इतकी लहान होती की मला ओरडावंसं वाटलं. हूं! एवढ्यासाठी समुद्र माणूस नेईल? गुरुजींनी अंधश्रद्धेवर आम्हाला निबंध घातला होता, मला त्यात चांगला शेराही मिळाला होता. मी पुस्तक उचललं आणि खाडीत भिरकावायला निघाले.

नवशीनं माझा हात धरला. ती उधव्याची, वारल्यांच्या पाड्यावरची. हंगामापुरती मजुरीला यायची आणि फार बोलायची नाही. "बाय, नको टाकू," ती म्हणाली. "माझी आजी सांगं, गोष्ट अर्धी सोडली तं त्यातलं माणूस अर्ध्या वाटंवर ऱ्हातं. पुरी कर. दिवसाची धरलीस, दिवसाचीच पुरी कर."

मी आईकडे बघितलं. रात्रभर ती झोपली नव्हती, रडलीही नव्हती. ती दोरीपाशी बसली, बोंबलांची टोपली ओढली आणि म्हणाली, "वाच."

मी वाचायला बसले. माझा विश्वास बसला होता म्हणून नव्हे. आई वाच म्हणाली म्हणून, आणि मामासाठी मला दुसरं काहीच करता येत नव्हतं म्हणून. मी मनाशी ठरवलं, एक ओळ गाळायची नाही. मामा येईपर्यंत वाचायचं. पुढची पानंही चोरून बघायची नाहीत. पुढचं मला कळलं तर ते माझ्या तोंडावर आईला दिसेल. तिला माझं तोंड फार चांगलं वाचता यायचं.

आणि त्या लेखकानं काय करावं? मामा धुक्यात गेलाय, पोर खिडकीत उभं आहे, आणि हा दीपगृहाचा इतिहास सांगायला बसला! कुणी बांधलं, दगड कुठून आणला, उद्घाटनाला कोण साहेब आला. मग मामाच्या कपाटातल्या वस्तू. मग दिनूला पडलेलं एक लांबलचक स्वप्न, त्यात एक हत्ती. त्याला धरून आमच्या खळ्यातल्या उन्हात उभा करावा आणि कपाटाचं काय ते विचारावं, असं मला वाटत होतं. पण मी वाचलं. घसा सुकला तरी वाचलं. ज्या बायका आधी कंटाळून जांभया द्यायच्या त्या आता हत्तीलाही हूं देत होत्या. आईचा हूं सगळ्यांच्या आधी यायचा.

दुसऱ्या दिवशीची दुपार. मी वाचत होते: 'जिन्यावर पुन्हा ओल्या पावलांचा आवाज आला. ती पावले दाराशी येऊन थांबली.' तेवढ्यात नवशी किंचाळली. खळ्याच्या कोरड्या वाळूवर ओली पावलं उमटली होती, बंदराकडून आमच्याकडे येणारी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग दिसलं, पावलांच्या पुढं भीमाकाका उभा होता, कमरेपर्यंत भिजलेला. त्याच्या हातात वल्हं होतं.

"नारगोलच्या बाजूला वाहत आलं," तो म्हणाला. "तिथल्या कोळ्यांनी दिलं. तिथं आता दुसरं राज्य, पोलीस म्हणाला, लिहून द्या, सही करा. वल्ह्याला राज्य कुठलं ते समुद्र विचारतो काय? मी हिसकून आणलं."

आईनं वल्हं घेतलं. मामानं त्याच्या चिरेवर तांब्याची तार गुंडाळली होती, ती तिनं अंगठ्यानं चाचपून बघितली. वल्हं त्याचंच होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"वल्हं हातातनं सुटतं," आई म्हणाली. "माणूस होडीतच ऱ्हातो." तिनं वल्हं भिंतीला टेकवलं. "चंद्रे, दाराशी कोण थांबला ते वाच."

दाराशी वारा होता. एवढं करून नुसता वारा! मला हसावं की रडावं कळेना. भीमाकाका कपडेही न बदलता पुन्हा होडी घेऊन गेला.

आता थोडीच पानं उरली होती. मी सुरीनं शेवटची घडी कापली, आणि लेखकानं होडी खडकावर घातली. पानाच्या तळाशी फक्त एवढंच होतं: 'दुसऱ्या दिवशी मामांचे प्रेत खाडीच्या मुखाशी सापडले. शोकाकुल अंतःकरणाने दिनू मुंबईस परतला. समाप्त.'

टेबलाच्या पायांना किती पानं, आणि मामाला दोन ओळी. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बायका वाट बघत होत्या. आई वाट बघत होती. मी ते पान मांडीवर नीट धरलं आणि वाचायला लागले:

"'इतक्यात धुके विरळ झाले. मामांनी पाहिले, तो समोर एक अज्ञात बेट होते.'"

"हूं," आई म्हणाली.

काम सोपं नव्हतं. ह्या बायकांना अक्षर येत नसेल, पण पुस्तकाची भाषा त्यांच्या कानात बसली होती. मी 'होडी लागली' म्हणाले असते तर लगेच पकडली गेले असते. 'नौका किनाऱ्यास लागली', 'मामांनी मार्गक्रमण केले', असं सगळं मनातल्या मनात शिवून बाहेर काढायचं. मधूनमधून पान उलटायचं, परत मागं आणायचं. पहिल्या दिवशी बेट. दुसऱ्या दिवशी बेटावरची गुहा. दुसऱ्या दिवशीही मामा आला नाही, भीमाकाकाही रिकामाच आला. मग मी गुहेतल्या दगडांचं वर्णन केलं. दगडांवरच्या नक्षीचं केलं. मामांनी लाकडं गोळा केली, ती कोणकोणत्या झाडांची होती ते सांगितलं. मी त्या लेखकाच्याही वर कडी करत होते आणि मला मुळीच लाज वाटत नव्हती. जोवर पुस्तकातला मामा काटक्या मोडत होता तोवर तो जिवंत होता, आणि मी त्याला संध्याकाळपर्यंत काटक्या मोडायला लावणार होते. उद्याही, परवाही. घाई कुणाला होती? भूत आलं काय, असं आता कुणीही विचारत नव्हतं.

शोधायला गेलेल्या होड्या एकेक करून परत धंद्याला लागल्या. दोष कुणाचा? बोंबलाचा हंगाम थांबत नाही, आणि त्या घरांतही खाणारी तोंडं होती. भीमाकाका तेवढा जात राहिला.

अशाच एका दुपारी मी वाचत होते, "'मग मामांनी चूल मांडली, भात शिजत टाकला आणि ते शांतपणे समुद्राकडे पाहत बसले.'"

हूं आला, पण आईचा नव्हता. मी थांबले. बाकीच्याही थांबल्या. हूं आल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि ह्या गोष्टीत आता आईचाच हूं लागायचा.

"चंद्रे," आई म्हणाली, "तिथं गोडं पाणी कुठनं आलं?"

मी पान उलटून मागचं काढलं.

"भाताला पाणी लागतं. बेटावर गोडं पाणी कुठनं आलं? नारूनं एकच मडकं नेलेलं. मीच भरून दिलेलं."

मी पुस्तकात बघत राहिले, जणू पाणी तिथं कुठंतरी छापलेलं सापडणार होतं.

"पानं कवाच संपली," आई शांतपणे म्हणाली. "तू तीच दोन पानं मागंपुढं करतेस. एका पानाला घोळीचं खवलं चिकटलंय, ते सारखं सारखं येतंय. मला अक्षर नाय येत, खवलं येतं बघायला."

"मग तू हूं का देत होतीस?" मी विचारलं.

"तू त्याला जगवत होतीस. मला बरं वाटत होतं." तिनं हातातली जोडी दोरीवर टाकली. "पण किती दिवस? तहानेलं माणूस हाय ते. त्याला तिथं बसवून नको ठेवू. आता त्याला किनाऱ्याला लाव."

"घरी आणू?" मी विचारलं. "आई, मी आणते ना त्याला घरी. आत्ता आणते."

"घरी नाय." तिनं टोपली बाजूला सारली. "किनाऱ्याला लाव. समुद्र त्याला देणार नाय, मला समजलंय. हाताला माणूस लागलं नाय तर मी त्याचं करू काय? पाणी कुणाला सोडू? तू दे मला. गोष्टीत का होईना, दे."

मला नाही म्हणायचं होतं. पुस्तक फेकून पळत सुटायचं होतं, बंदरावर जाऊन मामाच्या नावानं हाका मारायच्या होत्या. पण आई माझ्याकडे बघत होती, आणि हे काम माझ्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नव्हतं. मी पुस्तक मिटलं. वाळूवर तिच्यासमोर बसले. पुस्तकाची भाषा मामाला कशाला? तो त्या भाषेत कधी बोललाच नव्हता.

"नारूमामा झाईला लागला," मी सांगायला लागले.

"हूं."

"भरतीनं आणला त्याला. सकाळी. जिथं तो लहानपणी पोहायला शिकला ना, तिथंच."

"हूं."

"त्याला कुठं लागलेलं नव्हतं. शीड अंगाभोवती गुंडाळलेलं होतं, जसा थंडीत घोंगडी घेऊन झोपतो तसा. डोळे मिटलेले."

"हूं," आई म्हणाली. तिच्या पाठोपाठ बाकीच्याही म्हणाल्या, पुतळी आजी, नवशी, सगळ्या.

"लोकांनी ओळखलं. म्हणाले, हा तर आपला नारू, डहाणूच्या देवकीचा भाऊ. कुणीतरी त्याच्या तोंडात पाणी घातलं. गोडं पाणी. मग त्याला उचललं, खांद्यावर घेतला, आणि तुझ्याकडे निरोप धाडला."

माझं सांगणं तिथं संपलं. आणखी काही उरलं नव्हतं.

आईनं मोठ्यानं हूं दिला, आणि त्या हूंमधूनच तिचा टाहो फुटला. इतके दिवस अडवून धरलेला. भावाचं नाव घेऊन ती भर दुपारी वाळूत आडवी झाली. बायकांनी तिला धरलं, आंघोळीला विहिरीवर नेलं. पुतळी आजी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. खळ्यात मी एकटी राहिले. दोऱ्यांवर कावळे उतरायला लागले होते. मी उठले, त्यांना हाकललं, आणि आईचे राहिलेले बोंबील जोड्या लावून दोरीवर टाकायला घेतले.